किकऑफच्या आधीची बेगमी

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलीच्या हायस्कूलमध्ये यंदा पहिल्यांदाच एफआरसीची, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची टीम उभी राहिली. पंधरा मुलं, दोन शिक्षक आणि मदतीला त्या स्वतः, पेशाने अकाउंटंट. शेजारच्या गावातली जुनी टीम दसरा होतो न होतो तोच मोटारी मागवू लागली, त्यांच्याकडे पुढच्या वर्षाचं सॉफ्टवेअरही चालू आहे म्हणे. इकडे शिक्षक म्हणतात, खेळ काय आहे तेच जानेवारीत कळणार, तर आत्ता घ्यायचं काय? मग आधी सामान घेणं नियमात बसतं का, आणि बसत असेल तर काय घ्यावं? शिवाय डिसेंबरात आजी-आजोबा पुण्याहून येणार आहेत, त्यांच्या बॅगेतून काही स्वस्तात आणता येईल का?

नियमात बसतं, ताई. पण ती शेजारची टीम आत्ता जे घेते आहे ते तुम्ही घेऊ नका.

माझी ओळख थोडक्यात. शिक्षण सांगलीत, नोकरी डेट्रॉइटजवळ, दिवसा गाड्यांच्या ब्रेकचं काम आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी एका शाळेच्या टीमचा मेंटर. आमच्या मिशिगनमध्ये या स्पर्धेचं वेड असं आहे की जवळपास प्रत्येक मोठ्या हायस्कूलची टीम असते. त्यामुळे चुका करायला आणि दुसऱ्यांच्या चुका बघायला मला भरपूर वाव मिळाला.

आधी नियम. बाजारात कोणत्याही टीमला विकत मिळते अशी तयार वस्तू तुम्ही केव्हाही घेऊन ठेवू शकता. मोटार, गिअरबॉक्स, बेअरिंग, अ‍ॅल्युमिनियमची नळी, सगळं. बंदी आहे ती किकऑफच्या, म्हणजे जानेवारीत खेळ जाहीर होतो त्या दिवसाच्या, आधी रोबोटचे भाग *बनवण्यावर*. नळी घेऊन ठेवली तर चालते, ती मापाने कापून भोकं पाडून ठेवली तर चालत नाही. त्यालाही सवलती आहेत. बॅटरीला केबल आणि कनेक्टर लावून ठेवणं चालतं, मोटारीच्या वायरींना कनेक्टर लावणं चालतं, ड्रायव्हरचं नियंत्रणाचं टेबल आधी बांधलं तरी चालतं. सॉफ्टवेअरचा नियम मला सगळ्यात आवडतो: किकऑफच्या आधी लिहिलेला कोड वापरायचा असेल तर तो किकऑफच्या आधी सगळ्या जगाला खुला केलेला असला पाहिजे. म्हणून डिसेंबरच्या शेवटी गिटहबवर, म्हणजे कोड खुला ठेवायच्या साइटवर, टीमांची झुंबड उडते. तुमच्या मुलांनी नोव्हेंबरात लिहिलेलं सगळं तिथे टाकून द्या, मग ते बिनधास्त वापरता येईल. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. स्पर्धेकडून मिळणाऱ्या किटबाहेरच्या कोणत्याही एका वस्तूची किंमत ६०० डॉलरच्या वर जाऊ नये, असं निदान २०२५ च्या हंगामाच्या नियमपुस्तकात होतं. नवं पुस्तक किकऑफला येईल, तेव्हा ते कलम पहिलं तपासा.

२०२६ च्या हंगामाचा किकऑफ शनिवारी, १० जानेवारीला, आणि पहिल्या स्पर्धा मार्चच्या सुरुवातीला. हातात सात-आठ आठवडे. मी हे सगळं वेळापत्रक आपल्या सणांवर बसवून ठेवलंय, कारण अमेरिकन सुट्ट्यांच्या तारखा मला वीस वर्षांनीही पाठ होत नाहीत. दिवाळीच्या आत कंटाळवाणं सामान, देवदिवाळीच्या आसपास लॅपटॉप, नाताळच्या आधी सगळी पार्सलं हातात, आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर पहिला आराखडा.

"कंटाळवाणं सामान" म्हणजे काय ते सांगतो, कारण नवीन टीमचा हंगाम नेमका तिथेच फसतो. लोकांना वाटतं मोटार मिळाली नाही म्हणून रोबोट अडतो. मी पाहिलेले बहुतेक रोबोट पाच डॉलरच्या वस्तूसाठी अडले. सहा गेजच्या वायरीला बसणारा टर्मिनल नाही, १०-३२ चे लॉकनट संपले, ४० अँपिअरचे ब्रेकर मोजून पाच आहेत आणि मोटारी सहा. ही प्रत्येक वस्तू जानेवारीत मिळते, नाही असं नाही. पण हजारो टीम एकाच आठवड्यात तीच वस्तू मागवतात, आणि दोन दिवसांत येणारं पाकीट बारा दिवसांनी येतं.

बॅटरीपासून सुरू करा. रोबोट चालतो तो १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरच्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर, वजन सहा किलोच्या आसपास. सामना साधारण अडीच मिनिटांचा, पण डिस्ट्रिक्ट स्पर्धेत बारा पात्रता सामने असतात आणि पुढच्या फेरीत पोचलात तर सामने लागोपाठ येतात. चार्जर नियमाप्रमाणे सहा अँपिअरपेक्षा मोठा नको, म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला तीन तासांच्या वर लागतात. हिशेब तुम्हीच मांडा. चारच्या खाली भागत नाही, सहा असल्या तर डोकं शांत राहतं. जड असल्याने कुरिअरचं भाडं झोंबतं. चार एकदम मागवा. जुनी टीम "आमच्या जुन्या बॅटऱ्या घेऊन जा" म्हणाली तर आभार मानून घ्या, पण सरावाला ठेवा. तीन वर्षांची बॅटरी मीटरवर साडेबारा व्होल्ट दाखवते आणि मोटारींनी ओढ घेतली की नऊवर येऊन कोसळते.

बॅटरीला केबल लावायचं काम नोव्हेंबरातच मुलांकडून करून घ्या. ते नियमात बसतं आणि त्यातून हात बसतो. मात्र क्रिंपिंगचं, म्हणजे टर्मिनल वायरीवर दाबून बसवायचं, चांगलं अवजार हवं. हातोड्याने ठोकून बसवलेला टर्मिनल पहिल्या टकरीला सैल होतो, आणि मग मुलं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात.

पूल नूडल ही गंमतच आहे. रोबोटभोवती जो बंपर असतो त्यात प्लायवूडवर फोमचे नूडल आणि वर कापड अशी रचना वर्षानुवर्षं चालत आली. पोहण्याच्या तलावातले रंगीत फोमचे दांडे ते हेच. ऑगस्टच्या शेवटी दुकानं ते कवडीमोलाने काढून टाकतात आणि जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, ते शोधून सापडत नाहीत. आपल्याकडे वाळवणं उन्हातच उरकून घेतात ना, तसं. आता ऑक्टोबर आहे, तरी कुठल्या दुकानाच्या मागच्या फळीवर असतील; अडीच इंच जाडीचे पाहून घ्या. फक्त बंपर शिवायला बसू नका. त्याचे नियम दरवर्षी थोडे तरी बदलतात.

बाकी वायर (मोटारींना बारा गेज, बॅटरीला सहा), अँडरसन कनेक्टर, मोटारींना आज्ञा पोचवणाऱ्या कॅन बसची पिवळी-हिरवी पिळाची वायर, तीन षोडशांश इंची रिव्हेट आणि ती मारायची बंदूक, दोन बाय एक इंची अ‍ॅल्युमिनियमच्या आयताकृती नळ्या आणि पॉलिकार्बोनेटचा एखादा पत्रा. अ‍ॅक्रिलिक नको, ते तडकतं. खेळ कोणताही निघो, यातलं काहीही वाया जात नाही. २०२५ चा खेळ रीफस्केप घ्या, त्याआधीचा क्रेसेंडो घ्या; एकात पाइपचे तुकडे लावायचे, दुसऱ्यात फोमच्या कड्या फेकायच्या. रोबोट अगदी निराळे, पण रिव्हेट तेच होते.

हे घेण्याआधी एक करा. रुकी टीमला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या टीमला, किटमध्ये काय काय मिळतं त्याची यादी फर्स्ट, म्हणजे ही स्पर्धा भरवणारी संस्था, प्रसिद्ध करते. ती छापून भिंतीवर लावा. कंट्रोलर (रोबोटचा मेंदू), वीज वाटपाचा हब, रेडिओ, चाकांसह गाडा, असं बरंच काही किकऑफच्या दिवशी हातात येतं. मी एका नव्या टीमला उत्साहाच्या भरात दुसरा कंट्रोलर विकत घेताना पाहिलंय. २०२६ च्या हंगामासाठी तर तो मुळीच घेऊ नका: २०२७ च्या हंगामापासून रोबोरिओ हा कंट्रोलर जाऊन सिस्टिमकोर नावाचा नवा कंट्रोलर येणार हे फर्स्टने जाहीर केलेलं आहे. शेवटच्या हंगामासाठी जवळपास पाचशे डॉलर घालायचे नाहीत. रोबोरिओ बिघडला तर स्पर्धेच्या ठिकाणी सुट्या भागांचं टेबल असतं, शिवाय शेजारची टीम उसना देते. या स्पर्धेत ती रीत आहे आणि ती खरोखर पाळली जाते.

आता मोटारी. शेजारची टीम जे मागवते आहे ते बहुधा स्वर्व्हचं सामान. चारही चाकं आपापली वळणारी, रोबोट खेकड्यासारखा कुठल्याही दिशेला सरकणारा. दिसायला अप्रतिम, खेळायलाही. पण चार मॉड्यूल, म्हणजे चाक आणि ते वळवायची यंत्रणा यांचे संच, आणि त्यांना आठ मोटारी लागतात. क्रॅकेन मोटार एकेक दोनशे डॉलरच्या वर, म्हणजे नुसत्या मोटारींचे सतराशे-अठराशे, मॉड्यूलचे हजाराच्या वर वेगळे, प्रत्येक चाकाची दिशा मोजायचे सेन्सर निराळे. जुन्या टीम ते आत्ता घेतात कारण हा माल शरद ऋतूत थोडा-थोडा येतो आणि येताक्षणी संपतो. त्यांचं बरोबर आहे. तुमच्या टीमने पहिल्या वर्षी किटमधला साधा गाडा, रणगाड्यासारखा डावी-उजवी बाजू फिरवून वळणारा, त्यावरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं नाराज होतील. होऊ द्या. किकऑफला फर्स्ट त्या गाड्यावर बसणाऱ्या किटबॉटचा आराखडा आणि कोडही देते, तो नीट बांधलेली रुकी टीम अर्धवट स्वर्व्हवाल्यांना सहज मागे टाकते. मी दर मार्चमध्ये हे पाहतो.

मोटारींच्या बाबतीत माझे हात एकदा पोळलेत. २०२२ ला चिपांची जगभर टंचाई होती. आम्ही "खेळ तर कळू दे" म्हणून थांबलो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी नोंदवली. दुकानदाराच्या पानावर "उपलब्ध" लिहिलेलं होतं. पैसे कापले गेले, आणि मग दर आठवड्याला एक नम्र ईमेल येत राहिला. मोटारी आल्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. आमची पहिली स्पर्धा तोवर होऊन गेली होती, ती आम्ही तीन टीमकडून उसन्या आणलेल्या चार वेगवेगळ्या मोटारींवर खेळलो. रोबोट सरळ जायला सांगितला की डावीकडे जायचा. तेव्हापासून मी पानावरच्या "उपलब्ध" शब्दावर विसंबत नाही, फोन करून विचारतो.

परदेशातून स्वस्तात मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी बदलल्या आहेत. पूर्वी ८०० डॉलरच्या आतलं पार्सल अमेरिकेत करमुक्त यायचं. चीनच्या मालाची ती सवलत मे २०२५ मध्ये गेली आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांची. त्यामुळे चिनी साइटवरचा अठरा डॉलरचा सेन्सर दारात येईतो अठराचा राहत नाही. दुसरं, चिनी नववर्ष २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. त्याच्या आधी आणि नंतर तिकडचे कारखाने थंड पडतात, आणि ते दिवस तुमच्या ऐन बांधणीत येतात. तिकडून काही हवंच असेल तर ते नोव्हेंबरात मागवा, नाहीतर विसरून जा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "मी फक्त अकाउंटंट, मला यातलं काय कळणार." ताई, नव्या टीमला मेकॅनिकल इंजिनिअर कमी आणि अकाउंटंट जास्त लागतो. शाळेचे पैसे तुमच्या-आमच्या कार्डासारखे चालत नाहीत. खरेदीसाठी पर्चेस ऑर्डर काढावी लागते, ती प्राचार्यांकडून जिल्हा कार्यालयात जाते, दुकानदार शाळेच्या यादीत नसेल तर त्याचे करविषयक कागद मागवले जातात, आणि यात तीन-तीन आठवडे सहज जातात. रोबोटचं सामान विकणारे पाच-सहा दुकानदार आहेत, त्या सगळ्यांना ऑक्टोबरातच शाळेच्या यादीत घालून घ्या, एक पैशाची खरेदी नसली तरी. मग जानेवारीत ऑर्डर दोन दिवसांत निघते. शाळेचा करमाफीचा दाखला प्रत्येक दुकानदाराकडे आधीच चढवा, नाहीतर विक्रीकर भरून मागाहून परतावा मागत बसाल.

आणि पत्ता. नाताळच्या सुट्टीत शाळा दीडेक आठवडा बंद असते. आमची एक मोठी ऑर्डर २४ डिसेंबरला शाळेच्या दाराशी पोचली. कुरिअरवाल्याने कुलूप पाहिलं, चिठ्ठी लावली, तीन फेऱ्या मारल्या आणि माल परत पाठवला. आम्हाला कळलं ५ जानेवारीला. १५ डिसेंबरनंतर येणारं प्रत्येक पार्सल कुणा पालकाच्या घरच्या पत्त्यावर घ्या. आधी शाळेला विचारा, कारण काही ठिकाणी हिशेबाच्या नियमात ते बसत नाही आणि वेगळं पत्र लागतं.

फर्स्टच्या खात्यात तुमच्या टीमला व्हर्च्युअल किट नावाचा विभाग दिसेल. त्यात दुकानदारांची कूपनं असतात, काही पैशांची, काही फुकट वस्तूंची, आणि आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरचे परवाने. प्रत्येकाला मुदत असते आणि ती मुकाट्याने संपते. एका तक्त्यात उतरवून घ्या: कूपन, मुदत, कुणी वापरलं. याशिवाय फर्स्ट चॉइस म्हणून गुणांवर सामान मिळतं. प्रत्येक टीमला ठरावीक गुण, आधी आपापली पसंतीची यादी क्रमाने भरायची, ती यादी यंत्रणा चालवते, मग उरलेल्यातून निवडायचं. यादीची शेवटची तारीख चुकली की उरतं ते उरलंसुरलं. मुलं ही यादी भरताना चमकदार वस्तू वर ठेवतात. तुम्ही शेजारी बसा आणि ब्रेकर, कनेक्टर, वायर वर ढकला.

खर्चाचं म्हणाल तर मी निम्मे पैसे किकऑफच्या दुपारपर्यंत राखून ठेवतो. खेळ जाहीर झाला की खेळायची वस्तू, चेंडू असो की कडी, अधिकृत दुकानात काही तासांत संपते. २०२५ ला कोरल म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा सुमारे बारा इंची तुकडा निघाला, तेव्हा ज्यांना हे पहिल्या तासात उमगलं ते थेट हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाइप कापून घेऊन आले. बाकीचे ऑनलाइन रांगेत. त्या दिवशी एक पालक गाडीत बसून तयार असावा, खिशात शाळेचं कार्ड.

सॉफ्टवेअरकडे वळू, कारण तिथे "आधी मिळणं" याचा अर्थच वेगळा आहे. सामान आधी मिळालं तर ते तेच राहतं. सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं आणि बदलावंच लागतं. रोबोटचा कोड ज्या लायब्ररीवर चालतो तिचं नाव डब्ल्यूपीआयलिब, मूळ वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधलं. ती जावा, सी++ आणि २०२४ पासून अधिकृतपणे पायथनमध्येही चालते. दर जानेवारीत तिची नवी आवृत्ती, कंट्रोलरवर चढवायची नवी प्रतिमा (त्याच्या सगळ्या सॉफ्टवेअरची प्रत), ड्रायव्हर स्टेशनची, म्हणजे लॅपटॉपवरून रोबोट चालवायच्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती, आणि प्रत्येक मोटारीला वीज सोडणाऱ्या मोटार कंट्रोलरवाल्यांच्या आपापल्या लायब्ररी व फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर). स्पर्धेत चालू वर्षाचंच लागतं; गेल्या वर्षीचं असलं तर तपासणीत अडतं.

शेजाऱ्यांकडे आहे ती बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती. काही टीम अर्ज करून अधिकृत परीक्षक होतात, त्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी आवृत्ती वापरून चुका कळवतात. पण बीटा गुपित नसते, गिटहबवर कुणालाही उतरवता येते. तुम्ही उतरवावी का? दोन मुलांनी एका वेगळ्या लॅपटॉपवर, हो. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीत आयात करायचा, कुठे लाल रेघ येते ते पाहायचं, एवढ्यासाठी. शिकणाऱ्या बाकीच्या मुलांना २०२५ च्या पक्क्या आवृत्तीवर ठेवा. ज्याला अजून "लूप" म्हणजे काय ते कळलेलं नाही त्याच्यासमोर बीटातली चूक आली तर तो स्वतःलाच दोष देत बसतो. अशा एका मुलाने आमची टीम सोडली होती, अजून मनाला लागून आहे.

रोबोट नसताना शिकायचं कशावर? एक्सआरपी नावाचा छोटासा रोबोट मिळतो, शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात, आणि त्यावर हाच डब्ल्यूपीआयलिबचा कोड चालतो. दोन घ्या. तोही नको असेल तर सिम्युलेटर फुकट आहे, लॅपटॉपवरच रोबोट फिरतो. आणि शेजारच्या टीमला विचारा की शनिवारी त्यांचा जुना रोबोट हाताळायला मिळेल का. सहसा मिळतो. एका दुपारी खऱ्या रोबोटची वायर काढून परत लावली की जे कळतं ते दहा व्हिडिओंनी कळत नाही.

तुमच्या शाळेत खरी अडचण सॉफ्टवेअरची नसेल, लॅपटॉपची असेल. ड्रायव्हर स्टेशन फक्त विंडोजवर चालतं. शाळेने मुलांना वाटलेली क्रोमबुकं इथे कामाची नाहीत. विंडोजचे लॅपटॉप मिळाले तरी त्यांवर अ‍ॅडमिनचा अधिकार शाळेच्या आयटी विभागाकडे. नवं काही बसवायचं, फायरवॉल बंद करायची, नेटवर्कचा पत्ता बदलायचा, प्रत्येक वेळी तिकीट काढा आणि थांबा. किकऑफनंतरच्या आठवड्यात तुम्हाला चार-पाच वेळा काहीतरी बसवावं लागणार आहे. म्हणून आत्ताच आयटीवाल्यांना भेटून दोन लॅपटॉप शाळेच्या जाळ्याबाहेर, पूर्ण अधिकारासह मागा. पत्र शिक्षकांनी द्यावं, पाठपुरावा तुम्ही करा. जुना व्यावसायिक लॅपटॉप डागडुजी करून मिळतो तोही पुरतो, फक्त नेटवर्क केबलचं भोक असलेला पाहा.

किकऑफच्या आठवड्यात क्रम असा ठेवा. आधी विंडोजचे सगळे अपडेट उरका. मग नवी डब्ल्यूपीआयलिब, मग ड्रायव्हर स्टेशनचं पॅकेज, मग रोबोरिओची प्रतिमा, मग रेडिओचं फर्मवेअर, शेवटी मोटार कंट्रोलर एकेक करून. रोबोरिओ २ मायक्रोएसडी कार्डावरून चालतो, तेव्हा दुसरं कार्ड तयार करून डबीत ठेवा. प्रिंटरला लागते तशी यूएसबी केबल दोन घ्या. रेडिओ रुसला की तीच धावून येते. प्रत्येक मोटार कंट्रोलरवर आवृत्ती काय चढवली ते चिकटपट्टीवर लिहून चिकटवा. आम्ही एका वर्षी सातपैकी सहा चढवले आणि सातवा राहिला. घरी सगळं चालत होतं, कारण तो फक्त वर चढण्याच्या यंत्रणेला होता आणि ती अजून जोडलेली नव्हती. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी त्याचा दिवा नारिंगी लुकलुकत राहिला आणि आमचे दोन सराव सामने गेले.

सगळे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर हवेत. स्पर्धेच्या ठिकाणी टीमला आपलं वाय-फाय लावायला मनाई असते आणि जिमच्या जाड भिंतींत फोनचं नेटवर्क पोचत नाही. शिवाय कोड पहिल्यांदा बांधताना ग्रेडल, म्हणजे कोड बांधणारा प्रोग्रॅम, मुकाट्याने इंटरनेटवरून फायली आणतो; घरी ते जाणवत नाही, तिथे स्क्रीन गोठते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वाय-फाय बंद करून प्रत्येक लॅपटॉपवर एकदा कोड बांधून, रोबोटवर चढवून पाहा.

राहिली आजी-आजोबांची बॅग. मुंबईतूनही काही टीम या स्पर्धेत उतरतात आणि त्यांना उलटा त्रास होतो: सामान इथून तिकडे न्यायचं आणि कस्टममध्ये अडकायचं. कॉलेजात असताना मीही सांगलीहून रात्रीच्या गाडीने लॅमिंग्टन रोडला जाऊन पिशवीभर रेझिस्टर आणलेत, त्यामुळे मोह समजतो. पण इथला सगळा रोबोट इंचात आहे. अर्धा इंची षटकोनी शाफ्ट, १०-३२ आणि पाव इंची बोल्ट, इंचाला वीस आट्यांचे. पुण्यातून आणलेला एम-५ चा बोल्ट १०-३२ च्या नटात दोन आटे सहज जातो, मग अडकतो, आणि मुलं पान्याने जोर लावून दोन्हींची वाट लावतात. आमच्या डब्यात असा एक बोल्ट कुठून तरी आला होता, त्याने एक गिअरबॉक्स खाल्ला. बॅटऱ्या तर विमानात नेऊच नका. आजी-आजोबांना जयसिंगपूरचं भडंग मिळालं तर दोन किलो आणायला सांगा, सांगलीचं मिळालं तरी चालेल. फेब्रुवारीत रात्री नऊ वाजता, चेन तिसऱ्यांदा निसटल्यावर, पंधरा मुलांना काय द्यायचं हा प्रश्न रोज पडतो, आणि पिझ्झाचा चिकट हात कोणी मोटारीला लावलेला मला चालत नाही.